आईच्या डाव्या कानातला सिनेमा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कागदावरूनच, वाकायला कंबरेची ना नाही, राग आड येतो आहे). तुझा गुडघा, वहिनींचं पित्त आणि मुलीची परीक्षा या तिन्हींची विचारपूस करते आणि तिन्ही ठीक असतील असं धरून पुढे जाते. आईची प्रकृती उत्तम. रक्तदाब तुझ्यामाझ्यापेक्षा बरा. माझी म्हणशील तर घसा पूर्ण बसला आहे. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं आणि पंधरा दिवस तोंडातून एक अक्षर काढायचं नाही असं बजावलं. हळू बोललं तर चालेल का, असं मी कागदावर लिहून विचारलं. त्या म्हणाल्या, कुजबुज तर मुळीच नाही, त्यानेच ही वाट लागली आहे. म्हणून फोनऐवजी हे पत्र (टपालाला वेळ लागेल, पानांचे फोटो काढून पाठवते). एका परीने बरंच झालं. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मीटिंग आहे म्हणून सुटला असतास. कागदाला ती सोय नाही.

तुझा आठ ओळींचा निरोप मिळाला. आईला थिएटरात नेणं आजपासून बंद, दृष्टी गेलेल्या बाईला अंधारात पायऱ्या चढायला लावणं हा वेडेपणा आहे, लोकांत शोभा झाली ती पुरे, एवढा मोठा टीव्ही पाठवला आहे तो कशासाठी, आणि शेवटी, आईच्या नावाखाली सिनेमे खरं तर मीच पाहते. सातव्या ओळीपर्यंत मी शांत होते. माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे घाईत असलास तर इथेच थांबता येईल: नाही. आईला सिनेमाला न्यायचं मी बंद करणार नाही. का ते पुढे आहे. पुढे सिनेमांवरचा रागही आहे. तो तुझ्यावरच्या रागापासून वेगळा काढून लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

सगळं तुला ठाऊक नाही (विचारलं असतंस तर असतं). काचबिंदूने आईचा दुसरा डोळा गेला त्याला साडेचार वर्षं झाली. त्यानंतर ती सहा महिने खुर्चीत बसून होती. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला नुसत्या खुर्चीत बसायचं कसं हेच कळत नव्हतं. पाय आपले खाली नसलेलं पायडल हलवत असायचे. मग एका गुरुवारी मी तिला सिनेमाला नेलं. गुरुवारच का, तर बुधवारी संध्याकाळी आमच्या छापखान्यातली तपासलेली प्रुफं छपाईला जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर माझ्या टेबलावर नुसती पेन्सिलीची साल उरते. तेव्हापासून एक गुरुवार सोडून एक, चारचा खेळ. शेवटून दुसरी रांग, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या. आई माझ्या उजव्या हाताला, कारण तिचा डावा कान चांगला आहे. मी त्या कानात सिनेमा सांगते. परदेशी असला तर खालच्या ओळी वाचून मराठी करून सांगते. पायऱ्या चौदा आहेत, आई त्या तुझ्यापेक्षा लवकर चढते.

आता सिनेमांबद्दल. दादा, चार वर्षं दुसऱ्याला सिनेमा सांगून बघ, मग तुला कळेल की हल्लीच्या सिनेमांत सांगण्यासारखं काय उरलंय. गेल्या पावसाळ्यानंतर आलेला तो गाजलेला मारामारीचा सिनेमा घे (तिसरा भाग, पहिल्या दोन भागांत मेलेले सगळे यात परत आले आहेत, बहुधा पैसे परत मागायला). नायकाला दाढी आहे आणि राग आहे, बाकी त्याला काही नाही. मध्यंतराआधी खलनायक नायकाच्या आईला खुर्चीला बांधतो आणि सिनेमा तिला विसरतो. अक्षरशः विसरतो. नायक जहाज उडवतो, पूल उडवतो, दोन गाणी म्हणतो, ती बाई आपली खुर्चीला. आई दर दहा मिनिटांनी मला विचारते, सोडलं का तिला? नाही. पाणी तरी विचारलं? नाही. शेवटी माझ्याच्याने राहवेना. (हा माझा पेशा आहे हे लक्षात घे. बावीस वर्षं मी छपाईआधी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करते. चूक दिसली की हात आपोआप चालतो.) मी आईला सांगितलं, सोडलं, शेजारीण आली होती, तिने दोऱ्या कापल्या, बाई घरी गेली. आईने सुस्कारा सोडला. आणि शेवटच्या मारामारीत ती बाई पुन्हा जिवाच्या आकांताने किंचाळली. आई म्हणाली, "ही घरी गेली होती ना?" मी म्हटलं, परत आली. "कशाला?" पर्स विसरली होती. आई म्हणाली, "पर्स विसरण्याइतकी बावळट बाई असा मुलगा वाढवणारच."

त्याच सिनेमात शंभरेक माणसं एका गोदामात मारली जातात. आई दचकू नये म्हणून मी सांगितलं की कपड्यांचा कारखाना दाखवताहेत, मशिनी चालू आहेत. त्यावर तिने माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी डाग होता. चाळीस वर्षांनंतर मला मशिनीचा आवाज शिकवू नकोस म्हणाली, गोळ्या आहेत त्या, किती मेले ते सांग. मी मोजून सांगितले. तिला माणसं मेल्याचा त्रास कमी आणि मी लपवल्याचा जास्त झाला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नंतर तो अंतराळाचा पाहिला, पावणेतीन तासांचा, ज्याबद्दल तुझी मुलगी फोनवर इतकं भरभरून बोलत होती. दादा, त्या यानात सहा शास्त्रज्ञ आहेत आणि एकालाही साधं सरळ बोलता येत नाही. काळ म्हणे दुमडतो. आईने विचारलं, कुठून दुमडतो, आडवा की तिरका? मग कपडे कसे आहेत म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांचे एकसारखे, पांढरे, अंगाला चिकटलेले. आई म्हणाली, म्हणजे एकाच्या मापाने सहा जणांचे बेतलेत, बगलेत काचत असणार, म्हणूनच सगळे चिडचिडे आहेत. (त्या सिनेमावर मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात इतकी शहाणी ओळ नव्हती.) शेवटी नायिका उजेडात विरघळते. म्हणजे मेली का? नाही आई, उजेड झाली. "म्हणजे मेलीच. नीट सांग ना मग." माझा संताप असा की शंभर जणांची नावं शेवटी पडद्यावरून सरकतात, आणि त्यांतल्या एकालाही हा प्रश्न पडला नाही, जो काचबिंदू झालेल्या शिंपीणबाईला तिसऱ्या सेकंदाला पडला.

आणि एक कुठल्याशा महोत्सवात सुवर्ण का रौप्य मिळालेला. काळापांढरा. एक माणूस खिडकीपाशी बसतो. मी सांगितलं, माणूस खिडकीपाशी बसला आहे. पुढे सांगायला काही नाही. आईने विचारलं, अजून बसलाय? अजून. मग सफरचंद सोलतो. सालीची एकच लांब पट्टी काढतो, त्याला सहा मिनिटं. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. आमच्या पुढचे तिघे उठून गेले, एकजण घोरत होता. आणि आईला तो सिनेमा चार वर्षांत सगळ्यात आवडला. म्हणे सगळं ऐकू येत होतं. किटलीचं झाकण, बुटाची टाच, सुरीचं सालीतून फिरणं. तू जरा गप्प बसलीस म्हणून जास्तच बरा वाटला. (मी मनाला लावून घेतलं नाही. आठवडाभर.)

आता तुझा टीव्ही. भिंतीची अर्धी जागा खाऊन बसला आहे. त्यात न दिसणाऱ्यांसाठी वर्णन करणारा आवाज आहे हे तू तीनदा कळवलंस, म्हणून मी तो लावून दिला. खरं सांगते, लावताना माझा हात जड झाला होता. आपल्या जागी दुसऱ्याला बसवताना होतो तसा. आवाज छान आहे, पुरुषाचा, जेवण झाल्यासारखा. म्हणाला, एक माणूस दार उघडतो. आई म्हणाली, "कोण माणूस?" तो म्हणाला, माणूस खोलीत येतो. "अहो, कोण पण? अंगात काय आहे त्याच्या?" तो म्हणाला, एक बाई रडते. आई त्याला म्हणाली, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय. दहा मिनिटं तिने त्याला आदराने विचारून पाहिलं, मग मला हाक मारली आणि म्हणाली, याला बंद कर, हा ऐकूनच घेत नाही. दुसऱ्या दिवशी तिने टेप लावून टीव्हीचं माप घेतलं, चाचपत चाचपत जुन्या पडद्याच्या कापडाचं त्याला आवरण शिवलं आणि मागे अकरा बटणं लावली. काढायला वीस मिनिटं लागतात. शिवण मात्र सरळ आहे, तुला फोटो पाठवते.

मी तिला विचारलं होतं, घरी आरामात ऐकण्यापेक्षा तिथे काय मोठं आहे? (तुझी बाजू मी मांडली होती, विसरू नकोस.) ती म्हणाली, तिथे निदान सगळे तिकीट काढून अंधारात बसतात, घरी मी एकटीच.

ज्या दिवशी शोभा झाली त्या दिवसाचं तुला आत्याच्या जावयाने कळवलं आहे. ते चौथ्या रांगेत होते आणि मागचं भांडण ऐकण्यासाठी मान वळवून वळवून त्यांची मान धरली, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण त्यांनी काय पाहिलं ते त्यांना माहीत नाही. सिनेमा परदेशी होता. एका बंदरावरची म्हातारी, जहाजांची शिडं शिवून देणारी. मुलगा दूरच्या शहरात. फोनवर म्हणतो, पुढच्या आठवड्यात येतो. ती त्याची खोली झाडते, पलंग सरकवते, चादर घालते, चादर काढते. पुन्हा फोन येतो, पुढच्या आठवड्यात. असं दोन तास. आईने माझं मनगट धरून ठेवलं होतं. सुईचा आवाज आला की ती टाक्याचं नाव सांगायची, बरोबर असायचं. शेवटी म्हातारी आजारी पडते, बॅग भरते, घराला कुलूप लावते आणि शेजाऱ्याच्या गाडीत बसून इस्पितळात निघून जाते. रस्ता दिसतो. रिकामा. संपला सिनेमा.

दादा, मला ते सांगता आलं नाही. मी त्या मुलाला आणलं. मी आईच्या कानात सांगितलं की लांबून एक माणूस चालत येतोय, हातात पिशवी आहे, गाडी थांबली, म्हातारी उतरली. त्यावर मागच्या खुर्चीतून आवाज आला, "बाई, कोणीही आलेलं नाही." मागे वजनमापे खात्यातले एक निवृत्त निरीक्षक बसतात, दर गुरुवारी असतात. (गेली चार वर्षं ते पडद्याइतकंच माझंही ऐकत होते हे मला त्या दिवशी कळलं.) मी म्हटलं, तुम्ही तुमचं पाहा. ते म्हणाले, मी माझंच पाहतोय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, तुम्ही त्या म्हातारबाईंना फसवताय, मागे त्या पर्सच्या वेळीसुद्धा मी बोललो नव्हतो. डाव्या बाजूच्या एक बाई म्हणाल्या, "येऊ द्या की हो त्याला. तुमच्या खिशातून जातोय का?" मग अर्धं थिएटर तो आलाच पाहिजे म्हणणारं आणि अर्धं नाही आला म्हणणारं. दिवे लागले. आणि मी, जिने छापखान्यात बावीस वर्षांत आवाज चढवला नाही, ती खुर्चीवर उभी राहून ओरडले की अडीच तासांच्या सिनेमात सफरचंदं सोलायला वेळ आहे, पूल उडवायला वेळ आहे, एका माणसाला घरी यायला दोन मिनिटं नाहीत, कसले हे लोक, यांना आया नाहीत का. (सफरचंद वेगळ्या सिनेमातलं होतं, हे निरीक्षकांनी तेवढ्यातही दाखवून दिलं.) घसा तिथे गेला. मॅनेजर आले, फार सभ्य माणूस, म्हणाले, यापुढे यायचं असेल तर या, पण या बाईंनी बोलायचं नाही. म्हणजे आईने अंधारात नुसतं बसायचं. त्यापेक्षा हाकललं असतं तर परवडलं असतं.

घरी येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "आला नव्हता ना तो?" मी उरल्यासुरल्या आवाजात म्हटलं, नव्हता. म्हणाली, कळलं होतं, खडीचा रस्ता आहे म्हणाली होतीस, पावलं वाजली असती. मग म्हणाली, "शर्ट कसला घातला होतास त्याला?" मी म्हटलं, निळा, बारीक रेघांचा. तिने मान हलवली. तो शर्ट तुझा आहे, दादा. तू जाताना तिने शिवलेला. पुढे आम्ही त्यावर बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तर माझं बोलणंच बंद.

तेव्हा तुझ्या आठ ओळींना हे उत्तर. वेडेपणा वगैरे सगळं मान्य, बंद करणं अमान्य. वहिनींना नमस्कार, मुलीला सांग की काळ दुमडत नाही, दुमडला तरी इस्त्री कोण करणार. पत्र रागात लिहिलं आहे म्हणून शांत झाल्यावर पुन्हा वाचलं. एकही शब्द बदलावासा वाटला नाही, एक वेलांटी तेवढी सुधारली.

तुझी धाकटी (आणि सध्या न बोलणारी) बहीण

ता. क. तुझी शेवटची ओळ, आईच्या नावाखाली सिनेमे मीच पाहते, ती खरी आहे. तिचाच राग जास्त आला. घरी आम्ही दोघी औषध घेतलंस का, दूध उतू गेलं, दाराला कडी लावली का, एवढंच बोलतो. तिथे तीन तास ती माझं मनगट धरते आणि मी तिच्या कानाशी असते. सिनेमे भिकार असतात. मी त्यांच्यासाठी जात नाही.

दुसरा ता. क. सध्या घरात एकीला दिसत नाही आणि एक बोलत नाही. खुणा केल्या तर तिला दिसत नाहीत, लिहिलं तर वाचता येत नाही. मग तळहातावर टिचकी ठरवली, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आई म्हणते, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उलट उत्तर देत नाहीस. पण संध्याकाळी ती खोलीत नुसती विचारत राहते, आहेस ना, आणि मी एक टिचकी मारते. हे मला सोसत नाही. तू रोज सहा वाजता फोन कर. मीटिंग असली तरी.

तिसरा ता. क. खरं काम राहिलंच. थिएटरात टॉर्चने जागा दाखवणाऱ्या मावशींनी मॅनेजरांना सुचवलं आणि त्यांनी मानलं: वर, यंत्राच्या खोलीशेजारी, काचेची एक बंद खोली आहे. पूर्वी रडकी पोरं घेऊन येणाऱ्या बायांसाठी होती, आत वेगळा कर्णा आहे, बाहेर आवाज जात नाही. तिथे बसून वाटेल तेवढं बोला म्हणाले. परवा मावशींबरोबर झाडून आले. पुढच्या गुरुवारी चारच्या खेळाला त्याच देशाचा सिनेमा आहे जिथे तू एकोणीस वर्षं राहतोस, आणि खालच्या ओळी नाहीत. ती भाषा मला येत नाही. माझा आवाज तोवर यायचा नाही. खोलीत तीन खुर्च्या आहेत. तू डाव्या कानाशी बस. सुधारून सांगू नकोस, दिसेल ते सांग, आणि कपड्यांकडे नीट लक्ष दे, ती विचारते.

शेवटचा ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवता आलेलं नाही. ती आत्ता शेजारी येऊन बसली, कापडाचे थर कात्रीखाली घेण्याआधी मोजावेत तसे अंगठ्याने कागद मोजले आणि म्हणाली, "दादाला लिहितेस?" मी एक टिचकी मारली. "सात पानं? एवढं काय लिहायचं त्याला. ये म्हणून लिही, पुरे."